डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयांत, महिला मंडळांत मी जुन्या स्त्री डॉक्टरांवर बोलते. आनंदीबाई झाल्या, रखमाबाई झाल्या की तिसरं नाव मुत्तुलक्ष्मी रेड्डींचं घेते आणि समोरचे चेहरे कोरे होतात. मग घरी पोचेपर्यंत फोनवर प्रश्न येऊन पडलेले असतात. गंमत म्हणजे प्रश्न बहुतेक तेच असतात. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळी एकत्र लिहून ठेवते आहे. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, वादाचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. या बाई कोण, ते आधी चार ओळींत सांगाल का?

जन्म ३० जुलै १८८६, पुदुकोट्टई संस्थान. १९१२ साली मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. १९२६ साली मद्रास विधान परिषदेवर नेमणूक झाली आणि जानेवारी १९२७ मध्ये तिथे एकमताने उपाध्यक्षपदी निवड झाली. मुलींना देवाला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी सभागृहात लढा दिला. निराधार मुलींसाठी अव्वै होम काढलं, उतारवयात मद्रासच्या अड्यार भागातलं कॅन्सर रुग्णालय उभं केलं. १९५६ साली पद्मभूषण मिळालं. २२ जुलै १९६८ रोजी मद्रासमध्ये निधन झालं.

२. नाव ‘मुथुलक्ष्मी’ की ‘मुत्तुलक्ष्मी’? आणि रेड्डी म्हणजे तेलुगू ना, मग तमिळ कशा?

मुत्तुलक्ष्मी. ‘मुत्तु’ म्हणजे मोती. तमिळ माणसं इंग्रजीत लिहिताना आपल्या ‘त’साठी टी आणि एच अशी जोडी वापरतात, ती वाचून आपण ‘थ’ करतो. रेड्डी हे नवऱ्याकडून आलेलं आडनाव. त्या वाढल्या तमिळ घरात, तमिळ गावात.

३. त्यांची आई देवदासी होती असं वाचलं. खरं आहे का?

आई चंद्रम्माळ ही देवदासींची परंपरा असलेल्या समाजातली. या समाजाला पुढे ‘इसै वेळ्ळाळर’ हे नाव रूढ झालं. ‘इसै’ म्हणजे संगीत. वडील एस. नारायणस्वामी अय्यर हे तमिळ ब्राह्मण, पुदुकोट्टईच्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य. या लग्नापायी त्यांच्या घरच्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले.

म्हणजे बाप कॉलेजचा प्राचार्य आणि आईकडचं गणगोत गावाच्या लेखी वेगळ्याच पायरीवरचं, अशा घरात ही मुलगी वाढली. आईकडच्या नातलगांत तिचं जाणंयेणं होतं. देवाला सोडलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे तिने अहवालात वाचलेलं नव्हतं, ओळखीच्या घरांत पाहिलेलं होतं. प्रश्न ११ आणि १२ वाचताना एवढं लक्षात ठेवा.

४. त्या काळी मुलांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला कसा?

राजामुळे. वयात आल्यावर शाळा सुटली ती रिवाजाप्रमाणे. मग वडिलांनी आणि शिक्षकांनी घरी शिकवलं आणि १९०२ साली ती बाहेरून मॅट्रिकला बसून पास झाली. पुढचं शिक्षण हवं तर गावात कॉलेज एकच, तेही मुलांचं. अर्ज गेल्यावर ओरड झाली: मुलगी आली तर मुलं बिघडतील, त्यात आईकडचं कुळ काढून आणखी टोमणे. राजे मार्तंड भैरव तोंडैमान यांनी ती सगळी ओरड बाजूला ठेवून प्रवेश दिला.

व्याख्यानात इथे हमखास टाळ्या पडतात आणि सगळं श्रेय राजाला जातं. माझं लक्ष मात्र वडिलांकडे जातं. मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या घरात ती पुस्तकं घेऊन बसू शकली, कारण बाप तिच्या बाजूने बसला होता.

५. भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर त्याच का? निदान मद्रास मेडिकल कॉलेजातल्या पहिल्या विद्यार्थिनी तरी?

दोन्ही नाही. आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात पदवी मिळाली ती मार्च १८८६ मध्ये, मुत्तुलक्ष्मींच्या जन्माआधी चार महिने. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलीही त्याच वर्षीच्या. मद्रास मेडिकल कॉलेजने बायकांना दार उघडलं १८७५ साली. मेरी शार्लीब ही इंग्रज बाई त्या पहिल्या तुकडीत होती.

मुत्तुलक्ष्मी १९०७ साली तिथे दाखल झाल्या. १९१२ साली एम.बी. अँड सी.एम. ही पदवी पदकांसह घेतली आणि एग्मोरच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात हाउस सर्जन झाल्या. त्या पदावर बसलेली पहिली बाई त्या होत, असं लिहिलंत तर बरोबर. एका वार्षिक अंकासाठी मी हे सगळं नीट लिहून दिलं होतं, छापून आलं ‘भारतातील आद्य महिला डॉक्टर’. तेव्हापासून ‘पहिली’ हा शब्द दिसला की मी पेन्सिल काढते.

६. लग्नाला अट घातली होती म्हणे?

हो. १९१४ साली डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी १८७२च्या विवाह कायद्याखाली लग्न झालं. आपल्याला बरोबरीने वागवायचं आणि आपल्या इच्छेच्या आड यायचं नाही, एवढं आधी कबूल करून घेतलं होतं. नवराही डॉक्टरच. दोन मुलगे झाले. त्यांतले धाकटे, एस. कृष्णमूर्ती, प्रश्न १६ मध्ये पुन्हा भेटतील.

७. चांगली प्रॅक्टिस असताना राजकारणात कशाला गेल्या?

स्वतःहून गेल्या असं म्हणता येत नाही. १९१७ साली अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशन ही संघटना सुरू झाली. ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास या तिच्यामागच्या बायका. मुत्तुलक्ष्मी त्यांच्यात ओढल्या गेल्या. १९२५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या चेल्सी हॉस्पिटल फॉर विमेनमध्ये स्त्रिया आणि मुलांच्या आजारांचा अभ्यास करायला गेल्या. १९२६ साली पॅरिसला स्त्रियांच्या मताधिकाराची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे भारताच्या वतीने हजर राहिल्या. इकडे संघटनेने कौन्सिलसाठी, म्हणजे मद्रास विधान परिषदेसाठी, त्यांचं नाव पुढे केलं होतं.

प्रॅक्टिस सोडावी लागेल म्हणून त्या कां-कू करत होत्या. पण बाळंतिणीच्या खाटेशी बसलेला डॉक्टर रोज तेच पाहतो: तेराव्या-चौदाव्या वर्षी गरोदर राहिलेली मुलगी, रक्त नसलेली आई, सुइणीच्या हातून बिघडून आलेली केस. यातलं निम्मं औषधाने बरं होत नाही, त्याला कायदा लागतो. त्यांची सभागृहातली जवळजवळ सगळी कामं या खाटेपासून निघालेली आहेत.

८. निवडून आल्या होत्या का? पक्ष कुठला?

सभासद म्हणून सरकारने नेमलं. उपाध्यक्ष म्हणून सभासदांनी निवडलं. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात. पक्ष कुठलाच नाही. ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाच्या नाहीत, स्वराज्य पक्षाच्याही नाहीत, गांधीजींबद्दल मात्र ओढ होती.

थोडी पार्श्वभूमी: ब्रिटिश भारतात मद्रास इलाख्याने १९२१ साली सर्वांत आधी बायकांना मत दिलं, मुंबई पाठोपाठ आली. ते मतही मालमत्ता असणाऱ्यांनाच, त्यामुळे मतदार बाया मोजक्याच. सभागृहात बसण्याचा हक्क १९२६ साली मिळाला. त्याच निवडणुकीत मंगळूरहून कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या. तेव्हा बाईसाठी उरलेली वाट नेमणुकीचीच होती.

९. स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. ‘भारतातील पहिली महिला आमदार’ याचं उत्तर मुत्तुलक्ष्मी रेड्डी लिहू ना?

परीक्षेत लिही. बाहेर बोलताना ‘ब्रिटिश भारतातल्या’ एवढी भर घाल.

संस्थानांतला हिशोब वेगळा आहे. त्रावणकोरच्या कौन्सिलवर १९२४ सालीच मेरी पुनन लुकोस यांची नेमणूक झाली होती, आणि योगायोग असा की त्याही डॉक्टरच. कोचीन संस्थानातही १९२५ साली तोट्टक्काट्टु माधवी अम्मा आल्या होत्या. मुत्तुलक्ष्मींचं वेगळेपण ब्रिटिश इलाख्यात, आणि त्यातही पीठासनावर बसण्यात आहे.

१०. देवदासींचा विषय सोडला तर कौन्सिलमध्ये केलं काय?

साडेतीन वर्षांच्या मानाने बरंच. शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी, बायका आणि मुलांसाठी वेगळी रुग्णालयं, मुलींच्या शिक्षणाला पैसे, कुंटणखाने बंद करणारा १९३०चा मद्रासचा कायदा. मुलींच्या लग्नाचं वय किमान १६ आणि मुलांचं २१ असावं हा आग्रह त्यांनी धरला होता. १९२९च्या शारदा कायद्यात १४ आणि १८ आलं, म्हणजे त्यांच्या मागणीहून कमीच. सायमन कमिशनसाठी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हारटॉग समितीतही त्या होत्या.

कौन्सिलमधल्या अनुभवांवर त्यांनी नंतर पुस्तकही लिहिलं.

११. देवदासी प्रथा बंद करणारा कायदा त्यांनी केला ना? मग सगळीकडे १९४७ साल का दिसतं?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर लांब आहे, कारण पायऱ्या तीन आहेत आणि तिसरी त्यांच्या हातात राहिली नाही.

आधी विधी कसा असे ते पाहू. मुलगी लहान असताना, बहुतेक वेळा न्हाण येण्याआधी, देवळात किंवा देवाच्या नावाने घरी तिच्या गळ्यात ‘पोट्टु’ बांधत. तमिळ लग्नात ताली बांधतात तसं. या विधीला ‘पोट्टुकट्टु’ म्हणत. नवरा देव, म्हणून ती कधी विधवा होत नाही. अखंड सौभाग्यवती म्हणून लग्नकार्यात तिला मान. आणि माणसाशी लग्न नाही, म्हणून तिच्याकडे येणाऱ्या पुरुषावर कसलंच बंधन नाही. एकाच धाग्याची ही दोन टोकं होती.

दंडविधानाची ३७२ आणि ३७३ ही कलमं होतीच. अल्पवयीन मुलगी वेश्याव्यवसायासाठी विकणं किंवा घेणं हा गुन्हा होता, आणि १९२४ साली त्यातलं वय १६ वरून १८ वर नेलं गेलं. पण पोट्टु बांधताना कुणी विक्रीची पावती करत नाही. हेतू सिद्ध कसा करायचा?

पहिली पायरी : नोव्हेंबर १९२७. मुत्तुलक्ष्मींनी ठराव मांडला की हिंदू देवळांना मुली वाहणं थांबवण्यासाठी सरकारने कायदा करावा. ठराव मंजूर झाला. ठरावाने शिक्षा होत नाही, पण सभागृहाचं मत कागदावर आलं.

दुसरी पायरी : १९२९. ही फारशी कुणाला माहीत नसते, आणि मला सर्वांत हुशारीची वाटते ती हीच. देवदासीला देवळाकडून इनाम जमीन असे, ती सेवेच्या मोबदल्यात. सेवा थांबली की जमीन गेली. म्हणजे एखादीला आपल्या मुलीला यातून सोडवायचं असलं तरी पोटावर पाय येई. देवस्थान कायद्यात दुरुस्ती करून मुत्तुलक्ष्मींनी ही गाठ सोडवली: जमीन बाईच्या नावे राहील, सेवेची अट जाईल, बदल्यात ठरावीक सारा देवळाला भरायचा. आजार कुठे मुरलाय ते हाताने चाचपून पाहिल्यावरच असा उपाय सुचतो.

तिसरी पायरी : १९३०. मुली वाहण्यावर थेट बंदी घालणारं विधेयक त्यांनी मांडलं. ते लोकमतासाठी फिरत राहिलं, आणि मध्येच त्यांनी सभागृह सोडलं (कारण प्रश्न १४ मध्ये). पुढची सतरा वर्षं ते रेंगाळलं. अखेर ऑक्टोबर १९४७ मध्ये ओमंदूर रामस्वामी रेड्डियार यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मद्रासचा देवदासी प्रतिबंधक कायदा झाला. तेव्हा मुत्तुलक्ष्मी सभागृहात नव्हत्या, बाहेरून पाठपुरावा करत होत्या.

१२. देवदासींनीच त्यांना विरोध केला होता असं एका व्हिडिओत ऐकलं. मग त्या नेमक्या कुणासाठी लढत होत्या?

विरोध झाला, आणि तो विचार करून केलेला होता. बंगळूर नागरत्नम्मा ही तेव्हाची मोठी गायिका. ती आणि मद्रासमधल्या इतर देवदासी एकत्र आल्या, सरकारकडे निवेदन दिलं. म्हणणं असं: देवदासी म्हणजे वेश्या नव्हे, काही जणी वाईट मार्गाला लागल्या म्हणून अख्ख्या समाजाचा धर्म आणि वतन काढून घेऊ नका, आम्हाला शिक्षण द्या, कला टिकवा.

त्यांची भीती पोकळ नव्हती. या घरांत मिळकत बाईकडून बाईकडे जायची, मुलगी दत्तक घेता यायची, लिहिणं-वाचणं आणि संगीत यायचं. बाकीच्या हिंदू घरांतल्या बायकांना तेव्हा यातलं फारसं काही नव्हतं. सुधारणेनंतर कलेचा मान गेला, नव्या घरांत मिळकतीचे धनी पुरुष झाले, आणि ज्यांच्याकडे इनामच नव्हतं त्यांच्या हाती १९२९च्या दुरुस्तीने काहीच पडलं नाही.

पण त्याच समाजातून दुसरा आवाजही आला होता. मूवलूर रामामिर्तम अम्माळ याच परंपरेत वाढल्या, त्यातून बाहेर पडल्या आणि गावोगाव फिरून प्रथेविरुद्ध बोलल्या, आधी काँग्रेसमध्ये, मग पेरियारांच्या चळवळीत. तेव्हा ‘देवदासींचं म्हणणं’ असं एकच काही नव्हतं. नागरत्नम्मा प्रौढ, नावारूपाला आलेल्या बाईच्या जागेवरून बोलत होत्या. मुत्तुलक्ष्मींच्या डोळ्यांपुढे आठ-दहा वर्षांची पोर होती, जिला कुणी विचारतच नाही. माझं मत विचाराल तर पोरीच्या बाबतीत मुत्तुलक्ष्मी बरोबर होत्या. मोठ्या बायकांचं ऐकून घेण्यात त्या कमी पडल्या.

काँग्रेसचे सत्यमूर्ती आणि मुत्तुलक्ष्मी यांच्यातला ‘मग तुमच्या घरातल्या मुली पाठवा’ छापाचा खटका मला सारखा पाठवला जातो. तो प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत आणि कधीकधी वेगळ्याच बाईच्या तोंडी येतो. सत्यमूर्तींनी परंपरेची बाजू घेतली होती एवढं खरं. संवाद मी व्याख्यानात वापरत नाही.

१३. म्हणजे त्या भरतनाट्यम बंद पाडायला निघाल्या होत्या?

तेव्हा त्याला ‘सदिर’ किंवा ‘दासी आट्टम’ म्हणत. १९३२च्या सुमारास वर्तमानपत्रात वाद पेटला. मुत्तुलक्ष्मींचं म्हणणं, प्रतिष्ठितांच्या समारंभांत हे नाच ठेवले की प्रथेला पुन्हा अभय मिळतं. समोर होते ई. कृष्ण अय्यर, पेशाने वकील; ते स्वतः स्त्रीवेष घेऊन नाचून दाखवत आणि म्हणत की प्रथा जाऊ द्या, कला वाचवा. मद्रासच्या म्युझिक अकादमीने देवदासी घराण्यातल्या नर्तकींना मंचावर आणलं, कलेला भरतनाट्यम हे नाव रुळलं, १९३५ साली ब्राह्मण घरातल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल अड्यारला नाचल्या.

नाच वाचला, भरभराटीला आला. तो सांभाळलेल्या बहुतेक घरांच्या हातून मात्र निसटला. देवदासी घराण्यातल्या नर्तकी बालसरस्वती हा ठळक अपवाद. १९४७च्या कायद्याने देवळात आणि देवाच्या मिरवणुकीत बाईने नाचण्यावरही बंदी घातली. हे मला कायद्याचं सर्वांत दुबळं कलम वाटतं. शिक्षा मुलगी वाहणाऱ्याला हवी होती; ती नाचणारीच्याही वाट्याला आली.

१४. सभागृहात इतकं काम चाललं असताना राजीनामा का दिला?

मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली म्हणून, १९३० साली. देवदासी विधेयक अर्ध्यावर होतं. एक श्रोते मला रागावून म्हणाले होते, “ताई, इथे त्या चुकल्या. पोरींपेक्षा गांधी मोठे झाले का?” या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. सरकारने नेमलेली सभासद म्हणून त्या खुर्चीवर बसून राहणं त्यांना त्या दिवसांत जमलं नसतं, एवढंच समजू शकते. विधेयकाने मात्र त्याची किंमत मोजली.

घरी बसल्या नाहीत. १९३१ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या (या परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात भरलं होतं). १९३३ साली राजकुमारी अमृत कौर आणि शरीफा हमीद अली यांच्याबरोबर लंडनला जाऊन संसदीय समितीपुढे साक्ष दिली: जातीधर्मावर बायकांचे वेगळे मतदारसंघ पाडू नका. १९३७ साली मद्रास महापालिकेत आल्डरमन झाल्या.

१५. अव्वै होम म्हणजे काय?

१९३०च्या सुमारास देवाला सोडायच्या भीतीने घरून पळालेल्या काही मुली त्यांच्या दाराशी आल्या. वसतिगृहांत विचारलं तर जात ऐकून नकार मिळाला. बाईंनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्यातून अव्वै होम उभं राहिलं आणि पुढे अड्यारला स्थिरावलं. अव्वैयार ही जुनी तमिळ कवयित्री, तिच्या नीतिवचनांवर तमिळ पोरं अक्षरं गिरवतात. आपल्याकडे मुक्ताई-जनाईचं नाव द्यावं तसं हे. शाळा आणि वसतिगृह आजही आहे.

कायदा मुलीला ‘नको’ म्हणायची मुभा देतो. रात्री झोपायचं कुठे, ते त्यात लिहिलेलं नसतं.

१६. कॅन्सरचं रुग्णालय आणि देवदासी यांचा काय संबंध? हे कुठून आलं?

धाकट्या बहिणीकडून. सुंदरांबाळ १९२३ साली कॅन्सरने गेली. मोठी बहीण डॉक्टर, मेव्हणा डॉक्टर, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत पोर गेली. तेव्हा या रोगासाठी मद्रासमध्ये वेगळी सोय नव्हती. १९३५ साली मद्रास मेडिकल कॉलेजच्या शताब्दी समारंभात त्यांनी कॅन्सर रुग्णालयाची मागणी मांडली. १९४९ साली विमेन्स इंडियन असोसिएशनने कॅन्सर निधी सुरू केला. सरकारदरबारी ऐकून घ्यावं लागायचं की कॅन्सरला रुग्णालय कशाला, माणसं त्यात मरतातच.

त्या मागे लागल्या. १० ऑक्टोबर १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८ जून १९५४ रोजी अड्यारला रुग्णालय उघडलं. खाटा १२. तेव्हा बाईंचं वय ६७ होतं, म्हणजे आपल्याकडे लोक तीर्थयात्रेची तिकिटं काढतात ते.

धाकटे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती यांनी कारभार हाती घेतला. १९५५ साली डॉ. व्ही. शांता आल्या, सरकारी नोकरीची नेमणूक हातात असताना ती सोडून. दोघांनी मिळून त्या १२ खाटांचं काय केलं ते आज देशभरच्या कॅन्सरतज्ज्ञांना ठाऊक आहे. परवडत नाही म्हणून रुग्ण परत पाठवायचा नाही, हा नेम तेव्हापासूनचा. शांतांना २००५ साली मॅगसेसे आणि २०१६ साली पद्मविभूषण मिळालं. २०२१च्या जानेवारीत त्या गेल्या.

मुंबईकर इथे हटकून विचारतात : “टाटाच्या आधी?” नाही. परळचं टाटा मेमोरियल फेब्रुवारी १९४१ मधलं, अड्यार त्याच्यानंतरचं. फरक एवढाच की टाटामागे टाटांचा ट्रस्ट होता, आणि इथे बायकांच्या एका संघटनेने वर्गणीच्या पावत्या फाडून सुरुवात केली. संस्थेच्या नावापुढे कंसात तीन इंग्रजी आद्याक्षरं असतात, ती याच संघटनेची.

१७. आपल्याकडच्या मुरळी, जोगतिणी, भाविणी यांच्याशी याचं काही नातं?

जातकुळी एक, तपशील वेगळे. खंडोबाची मुरळी, यल्लम्माची जोगतीण, कोकण-गोव्यातली भावीण आणि कलावंतीण या प्रत्येकीचा विधी आणि समाजातली जागा निराळी. तंजावरकडच्या देवदासीचं जे शास्त्रीय संगीत-नृत्याचं घराणं असे ते जोगतिणीकडे नव्हतं. गोव्याच्या कलावंतांकडे मात्र होतं, आणि तिथल्या समाजाने गोमंतक मराठा समाज ही संस्था काढून स्वतःच्या आतून बदल घडवला.

कायद्याचं म्हणाल तर मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा १९३४ सालीच झाला, मद्रासच्या तेरा वर्षं आधी. त्याने प्रथा संपली नाही. महाराष्ट्राला नवा कायदा करावा लागला तो २००५च्या विधेयकाने. गडहिंग्लज-निपाणीकडच्या कार्यकर्त्यांना विचारा, १९३४चा कागद किती वर्षं कागदच राहिला होता ते सांगतील.

१८. अभिनेत्री रेखाशी त्यांचं नातं आहे, खरं का? आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी म्हणजे याच का?

रेखाचे वडील, तमिळ नट जेमिनी गणेशन, हे नारायणस्वामी अय्यरांच्या घराण्यातले. मुत्तुलक्ष्मी त्यांच्या नात्याने आत्या. सुब्बुलक्ष्मी वेगळ्या, त्या गायिका, मदुराईच्या. देवदासी परंपरेतल्या घराशी नातं दोघींचं, एवढंच साम्य.

१९. तमिळनाडूच्या राजकारणात इतके डॉक्टर कसे?

मुत्तुलक्ष्मींच्या आधीपासून आहेत. द्रविड चळवळीचं मूळ शोधायला गेलं तर सी. नटेश मुदलियार भेटतात, ट्रिप्लिकेनमधले डॉक्टर. ब्राह्मणेतर मुलांना मद्रासमध्ये राहायला जागा मिळेना म्हणून त्यांनी वसतिगृह काढलं. अलीकडचे म्हणजे तिंडिवनमला दवाखाना चालवणारे डॉ. रामदॉस, १९८९ साली त्यांनी पाट्टाळी मक्कळ कच्ची हा पक्ष काढला. त्यांचा मुलगा अन्बुमणी हाही डॉक्टर. तो केंद्रात आरोग्यमंत्री असताना ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. तमिळिसै सौंदरराजन स्त्रीरोगतज्ज्ञ, पुढे राज्यपाल.

दवाखान्याच्या बाकावर सगळ्या जातींची माणसं आपलं रडगाणं घेऊन बसतात. नाडी हातात असताना माणूस खरं बोलतो. मतं मागायला गेलेल्याशी तितकं बोलत नाही.

२०. आज तमिळनाडूत त्यांचं काय उरलंय? आणि विरोधात असलेल्या बायकांचं पुढे काय झालं?

३० जुलै हा दिवस तिथली सरकारी रुग्णालयं ‘हॉस्पिटल डे’ म्हणून पाळतात. गरीब गरोदर बायकांना मदत देणारी सरकारी योजना मुत्तुलक्ष्मींच्या नावाने चालते. मदतीची रक्कम वाढत वाढत १८,००० रुपयांवर गेली. मुलींच्या लग्नाला मदत देणाऱ्या योजनेला रामामिर्तम अम्माळांचं नाव होतं. २०२२ साली तिचं रूप बदलून कॉलेजात जाणाऱ्या मुलीला महिना १,००० रुपये सुरू झाले.

नागरत्नम्मांनी तिरुवैयारुला कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी स्वतःच्या पैशाने बांधून काढली होती. तिथल्या आराधनेत, म्हणजे दरवर्षीच्या संगीतोत्सवात, बायकांना गाऊ देत नसत, म्हणून त्यांनी बायकांचा वेगळा गट उभा केला. १९५२ साली त्या गेल्या. आज दरवर्षी जानेवारीच्या सुमारास शेकडो गायक तिथे बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती म्हणतात, बाया-पुरुष सगळे एकत्र, आणि समोर हात जोडून बसलेली दगडी बाई आहे ती नागरत्नम्मा.